इंदूरमध्ये घरगुती पवनचक्कीसाठी जुनी चुंबकाची मोटर कुठे मिळेल?

तुम्हाला गच्चीवर छोटी पवनचक्की करून 12 व्होल्टची बॅटरी चार्ज करायची आहे, आणि त्यासाठी जुनी मोटर ट्रेडमिलची घ्यावी की ई-रिक्षाची, असं विचारलंय. मी पीथमपूरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मेंटेनन्सला होतो. राजेंद्रनगरला आमच्या गच्चीवर आजवर तीन चक्क्या उभ्या केल्या. त्या अनुभवावरून सांगतो.

बाजारात जाण्याआधी एक हिशेब शिकून घ्या. मोटरच्या पट्टीवर व्होल्ट आणि आरपीएम, म्हणजे मिनिटाला फेऱ्या, लिहिलेले असतात. आरपीएमला व्होल्टने भागा. उत्तर जितकं लहान, तितकी मोटर आपल्या कामाची. 25 च्या वर गेलं की मी ती मोटर परत ठेवतो. समजा ट्रेडमिलची मोटर 180 व्होल्ट, 4000 आरपीएमची आहे. भागाकार आला 22. म्हणजे दर 22 आरपीएममागे एक व्होल्ट. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) धरून बॅटरीत करंट जायला साधारण 14 व्होल्ट लागतात, म्हणजे 310 आरपीएम. दीड मीटर व्यासाची, नीट कोरलेली तीन पाती सेकंदाला 4 मीटरच्या वाऱ्यात जवळपास तेवढीच फिरतात. जोडी जमली.

आता ई-रिक्षाची बघा. 48 व्होल्ट आणि 3000 च्या आसपास आरपीएम, भागाकार 60 च्या वर. 14 व्होल्टसाठी तिला मिनिटाला साडेआठशेहून जास्त फेऱ्या हव्यात, त्या गच्चीवरच्या वाऱ्यात मिळायच्या नाहीत. पट्टा लावून वेग वाढवता येतो, पण मंद वाऱ्याची सगळी ताकद त्या घर्षणातच जाते. गाडीच्या रेडिएटर फॅनची मोटर तर याहूनही निकामी. वॅटचा मोठा आकडा पाहून भुलू नका.

त्यापेक्षा ई-स्कूटरच्या मागच्या चाकातली हब मोटर मिळाली तर सोडू नका. ती मुळातच सावकाश फिरायला बनलेली असते. तिच्या तीन जाड तारा थ्री-फेज ब्रिज रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या भागाला) जोडायच्या, बारीक तारा सेन्सरच्या असतात, त्या तशाच ठेवायच्या. मात्र आत गिअर असलेली हब घेऊ नका, तिच्यात फ्रीव्हील असतं आणि बाहेरून फिरवली तर आतली मोटर फिरेलच असं नाही.

सीलिंग फॅन, कूलर, पाण्याचा पंप, मिक्सर यांच्या साध्या मोटरींत चुंबक नसतंच, म्हणून त्या आपल्या कामाच्या नाहीत. बीएलडीसी (बिनब्रशच्या) पंख्यात असतं, पण तो मुळात तीसेक वॅटचा जीव.

शोधायचं कुठे? लोहामंडीच्या बाजूला आणि आपापल्या भागातल्या अटालेवाल्यांकडे, म्हणजे भंगारवाल्यांकडे. नुसतं ‘मोटर’ मागितलंत तर पंपाची काढून देतील. ‘चुंबकवाली डीसी मोटर, ट्रेडमिल की’ असं म्हणा. अटालेवाला तांब्याचा हिशेब करून मोटर फोडतो, म्हणून फोन नंबर देऊन ठेवा आणि ‘आली की तोडण्याआधी कळवा’ असं सांगा. ट्रेडमिल दुरुस्त करणारे आणि जिमवाले हा दुसरा रस्ता. इलेक्ट्रॉनिक्स बिघडलेल्या यंत्राची मोटर बहुधा ठणठणीत असते. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती मोडीत निघालेल्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनची डीसी सर्व्हो मोटर: जड, बंदिस्त, बेअरिंग उत्तम. पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांचा माल ज्या व्यापाऱ्यांकडे लिलावातून येतो, त्यांच्याकडे ती मिळते. फक्त ती उघडून आतला आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरणारा भाग) बाहेर काढू नका. जुन्यांत अल्निकोचं चुंबक असतं, आर्मेचर निघाला की त्याचा जोर उतरतो.

दुकानातच तपासा. दोन्ही तारा एकमेकींना पिळून शाफ्ट हाताने फिरवा, जड लागला पाहिजे. तारा सोडल्या की हलका. दोन्ही वेळा सारखाच वाटला तर कार्बन ब्रश, वाइंडिंग किंवा चुंबक गेलंय. मग बॅटरीवरचं ड्रिल पहिल्या गिअरवर लावून मल्टिमीटर बघा. ड्रिलवर 400 आरपीएम लिहिलं असेल आणि मीटरने 18 व्होल्ट दाखवले, तर पैसे देऊन टाका. मीटर, डायोड, रेक्टिफायर जेल रोडला मिळतात.

ट्रेडमिलच्या मोटरबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकाला बजावून सांगतो. तिचं जड चाक शाफ्टवर बहुतेक वेळा उलट्या आट्यांनी बसवलेलं असतं. माझी दुसरी चक्की समोरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरायची. जूनमधल्या एका वादळी संध्याकाळी ब्रेक म्हणून तारा शॉर्ट केल्या. शाफ्ट थबकला, पण पाती चाकासकट फिरत राहिली, आटे सुटले आणि सगळं शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडलं. अंगणात तेव्हा कोणी नव्हतं. त्या दिवसापासून मी पाती काट्यांच्या उलट दिशेने फिरतील अशी कोरतो आणि चाकाला भोक पाडून आडवा स्क्रूही घालतो. तुम्ही दोन्ही कराच.

बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये डायोड हवाच, नाहीतर वारा पडला की बॅटरीच मोटरला पंख्यासारखी फिरवत बसेल. ट्रेडमिलची मोटर उघड्या अंगाची असते, तिला पावसापासून झाकायचं, पण हवा खेळती ठेवून.

किती वीज मिळेल? दीड मीटरच्या पात्यांना 4 मीटरच्या वाऱ्यात पंधरा-वीस वॅट. वारा दुप्पट झाला की ताकद आठपट. म्हणूनच देवासजवळ जामगोदराणीच्या पवनचक्क्या टेकड्यांवर आणि इतक्या उंच आहेत. नुसती वीज स्वस्तात हवी असेल तर सोलर पॅनेल घ्या, हे मी मनापासून सांगतो. पण आपल्या माळव्यात जून-जुलैला ढग सूर्य झाकतात नेमका तेव्हाच वारा जोरात असतो. माझ्याकडे पॅनेल आणि चक्की एकाच बॅटरीवर आहेत, दोघांचे कंट्रोलर वेगळे.

गच्चीच्या कठड्यापासून निदान तीन-चार मीटर वर पाइप न्या, आणि पाइपाला ताण द्यायला तीन नव्हे, चार तारा लावा.