दंतविम्यात कॅपसाठी ५० टक्के लिहिले असेल, तर निम्मेच पैसे भरावे लागतात का?

नाही, आणि हे मी माझ्या शेवटच्या दाढेच्या अनुभवावरून सांगतो आहे. आपण विचारले आहे की पॉलिसीत कॅपसाठी ५० टक्के लिहिलेले आहे, दवाखान्यात ‘विमा चालतो’ असे सांगितले आहे, तर उरलेले निम्मे पैसे तयार ठेवले की भागेल का, आणि पूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट करायचे तर तेही याच पॉलिसीत बसेल का. यातील ‘विमा चालतो’ हे शब्द वाचले आणि राहवले नाही, कारण याच शब्दांवर विसंबून मीही त्या खुर्चीत जाऊन बसलो होतो.

माझ्या दाढेचे रूट कॅनॉल झाले होते आणि तिच्यावर सिरॅमिकची कॅप बसवायची होती. हिशेब सोपा जावा म्हणून कॅपचे बिल १०० होते असे समजू. निम्मे कंपनी देईल या भरवशावर मी ५० बाजूला काढून ठेवले, आणि कंपनीकडून आले २५. सोबतच्या पत्रात कारण दिलेले होते, पण ते तीनदा वाचल्यावर मला उलगडले. काम भागेल अशा सर्वांत स्वस्त उपचाराचेच पैसे द्यायचे, असे एक कलम अनेक दंतविम्यांत असते, आणि त्या कलमानुसार मागच्या दाढांना माझ्या पॉलिसीत केवळ धातूची कॅप मान्य होती. तिचा कंपनीच्या दरपत्रकातील दर होता ६०. त्यातून डिडक्टिबल, म्हणजे दर वर्षी रुग्णाने आधी स्वतः सोसायची ठरावीक रक्कम, १० वजा झाली; राहिलेल्या ५० चे ५० टक्के म्हणजे २५. टक्केवारी खरी होती, पण ती माझ्या बिलावर नव्हती, कंपनीने मनाशी धरलेल्या किमतीवर होती. दवाखाना नेटवर्कबाहेरचा, म्हणजे कंपनीशी करार नसलेला असल्यामुळे वरचा सगळा फरकही मलाच भरावा लागला. नेटवर्कमधील दंतवैद्याला कंपनीचा दर मान्य करावा लागतो, मात्र आपण महाग साहित्य निवडले तर त्याचा फरक तिथेही रुग्णाकडून घेतला जाऊ शकतो. माझ्या दवाखान्यात ‘विमा चालतो’ म्हणजे क्लेमचा अर्ज ते भरून पाठवतात, एवढेच.

माझे थोरले बंधू तेव्हापासून एकच धोशा लावून आहेत की दंतवैद्याने फसवले. मला हे मुळीच मान्य नाही. कॅपचा जो आकडा मला आधी सांगितला गेला, तोच बिलात आला. चूक झाली ती पॉलिसी निवडताना, आणि ती निवडली होती बंधूंनी. तपासणी व सफाईला १०० टक्के, फिलिंगला ८०, कॅप आणि ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात, यांना ५० अशी उतरंड पुष्कळ योजनांत असते. त्यांनी तेवढा तक्ता पाहिला आणि त्याच पानावरची वार्षिक कमाल मर्यादेची ओळ सोडून दिली. खरी मेख त्या ओळीत असते. ही मर्यादा कंपनीच्या देण्याला असते, आपल्या खर्चाला नव्हे, आणि एक रूट कॅनॉल व एक कॅप एवढ्यातच ती संपत आली, तर वर्षाचा पुढचा सगळा भार आपल्यावर येतो. म्हणून मी याला विमा न म्हणता आगाऊ पैसे भरून घेतलेली सवलत म्हणतो, आणि बंधूंना हे आजवर पटलेले नाही.

आपण कॅपचे माप देण्यापूर्वी दवाखान्याला सांगून उपचारांचे कोड आणि एक्स-रे कंपनीकडे पाठवा व पूर्वमंजुरी लेखी मागवा. त्या कागदावर कोणता दर धरला आहे, कोणत्या साहित्याची कॅप धरली आहे आणि यंदाची मर्यादा किती उरली आहे, हे पाहा. अर्थात तीही हमी नसते. मध्येच दुसरा क्लेम निघाला तर उरलेली रक्कम कमी होते. रूट कॅनॉल या पॉलिसी-वर्षात आणि कॅप पुढच्या वर्षात केल्यास दोन वर्षांच्या मर्यादा वापरता येतात, हे बंधूंचे म्हणणे हिशेबाला बरोबर आहे, पण रूट कॅनॉल केलेली दाढ कॅपविना फार दिवस ठेवली तर ती तडकू शकते, तेव्हा हा निर्णय दंतवैद्याला विचारूनच घ्यावा.

इम्प्लांटबद्दल थोडक्यात सांगायचे, तर पॉलिसी सुरू होण्याआधीच काढलेल्या दाताच्या जागी काही बसवायचे असल्यास पैसे देणार नाही, असे कलम पुष्कळ ठिकाणी असते. काही योजना इम्प्लांट पूर्णपणे वगळतात, तर काही त्याऐवजी ब्रिजचा किंवा कवळीचा दर देतात. मोठ्या उपचारांना बहुधा प्रतीक्षा काळही असतो. आपली दाढ केव्हा काढली, ती तारीख आधी पॉलिसीच्या तारखेशी ताडून पाहा. आणि आपला प्रीमियम नोकरी देणारी संस्था भरत असेल, तर वरची माझी कडवट टीका आपल्याला तितकीशी लागू नाही. तेव्हा जे मिळेल ते घ्यावे.

अलीकडे बंधूंच्या दाढेला कॅप बसवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी मला न विचारता आधी पूर्वमंजुरी मागवली. दंतवैद्याने मला फसवले, हे मात्र ते अजूनही म्हणतात.