लिस्बनमध्ये जन्म नोंदवला, आता मी भारतीय की पोर्तुगीज?

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहतो. माझे वडील 1953 साली गोव्यात जन्मले. धाकट्या भावाने 2016 मध्ये एजंटमार्फत वडिलांचा जन्म लिस्बनमध्ये नोंदवून घेतला, मग स्वतःचा, आणि पोर्तुगीज पासपोर्टावर तो इंग्लंडला स्विंडनला गेला. "असूं दे, पुढे उपयोगी पडेल" म्हणून त्याने माझ्याही सह्या घेतल्या होत्या. माझा जन्म 1986 चा. गेल्या वर्षी माझीही नोंद झाल्याचं कळलं. पोर्तुगालचं ओळखपत्र किंवा पासपोर्ट मी घेतलेला नाही. मला पंचायतीची निवडणूक लढवायची आहे, पण "तू पोर्तुगीज, तक्रार करतो" असं वॉर्डात बोललं जातंय. माझा भारतीय पासपोर्टही नूतनीकरणाला आला आहे. मुलगी आठ वर्षांची आहे. घरचं कुळागर (नारळ-सुपारीची बाग) वडिलांच्या नावावर आहे. मी काय करावं?

उत्तर : आपला नागरिक कोण, हे प्रत्येक देश आपल्याच कायद्याने ठरवतो. 1930 च्या हेग करारातही हेच तत्त्व मांडलेलं आहे. म्हणून पोर्तुगालने तुम्हाला आपलं म्हटलं, एवढ्यावरून भारताने तुम्हाला सोडलं असं होत नाही. दिल्ली वेगळा प्रश्न विचारते : तुम्ही स्वेच्छेने परकीय नागरिकत्व मिळवलंत का? नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 चा सगळा भार 'स्वेच्छेने' या शब्दावर आहे. त्याचं उत्तर 'हो' आलं, तर कुठलाही अर्ज किंवा आदेश नसतानाही भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं.

तुमच्या घरात तिघांची स्थिती तीन प्रकारची आहे. "वडिलांचं झालं तसंच तुमचं" हे एजंटचं बोलणं कायद्यात टिकत नाही.

वडिलांपासून सुरुवात करू. गोवा मुक्त झाला तेव्हा ते लहान होते. 1962 च्या नागरिकत्व आदेशाने गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना 20 डिसेंबर 1961 पासून भारतीय मानलं. मात्र ज्यांना जुनं नागरिकत्व ठेवायचं होतं, त्यांना एका महिन्यात लेखी कळवायची मुभा होती. काहींनी ते खरंच कळवलं. पाद्री मोंतेरो यांनी पोर्तुगीज राहणं पसंत केलं, राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण केलं नाही, खटला झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथेही ते हरले. बाकीचे गोंयकार, तुमच्या वडिलांसारखे, भारतीय झाले. पोर्तुगालने 31 डिसेंबर 1974 च्या करारात भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, पण मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांचं पोर्तुगीजपण गेलं असं तो मानत नाही. म्हणजे लिस्बनच्या दृष्टीने वडील जन्मापासूनच पोर्तुगीज आहेत आणि 2016 मध्ये फक्त त्याची नोंद झाली. पूर्वीपासून असलेली गोष्ट कागदावर आणणं म्हणजे ती नव्याने 'मिळवणं' नव्हे, असा युक्तिवाद त्यांच्या बाजूने करता येतो. मला तो बळकट वाटतो, पण सरकारने तो मान्यच केलाय असं समजून चालू नका.

तुमची बाजू तुलनेने कच्ची आहे. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेला माणूस (परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांच्या मुलांसारखे अपवाद सोडून) जन्मानेच भारतीय ठरतो, आईवडील कोणीही असोत. ती बाजू पक्की आहे. पण पोर्तुगालच्या 1981 च्या नागरिकत्व कायद्यानुसार परदेशात जन्मलेलं पोर्तुगीज आईबापाचं मूल आपोआप पोर्तुगीज होत नाही. जन्म तिकडच्या दप्तरात नोंदवावा लागतो, किंवा 'मला पोर्तुगीज व्हायचंय' असं सांगावं लागतं. त्यानंतर पोर्तुगाल ते जन्मापासून लागू मानतो खरा, पण सज्ञान माणसाच्या बाबतीत सुरुवात त्याच्या सहीनेच होते. ती सही तुमची आहे. 'समजलं नव्हतं' हा बचाव करता येईल, त्यावर विसंबून राहण्यासारखा मात्र तो नाही.

तरी जमेची बाजूही आहे. एखाद्याने परकीय नागरिकत्व घेतलं का, केव्हा आणि कसं, हे पंचायत निवडणुकीचा अधिकारी ठरवू शकत नाही, मामलेदार नाही आणि वॉर्डातला विरोधक तर नाहीच. कलम 9(2) प्रमाणे तो निर्णय फक्त केंद्र सरकारचा. राजीव गांधी यांच्या निवडणुकीला, त्यांनी इटलीचं नागरिकत्व घेतल्याचा आरोप करून, आव्हान दिलं गेलं होतं. तेव्हाही सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये हेच सांगितलं. तुमच्याविरुद्ध तक्रार झाली तर ती दिल्लीला जाईल, तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळेल आणि तोवर तुम्हाला कोणी 'पोर्तुगीज' ठरवू शकत नाही.

पासपोर्टच्या बाबतीत मात्र असा युक्तिवाद उरत नाही. 2009 च्या नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीनुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेणं हा त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा मानला जातो. तसाच जुना नियम सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये वैध ठरवला आहे. जबरदस्तीने घ्यायला लावला, एवढंच सांगायला जागा उरते. म्हणून पोर्तुगीज पासपोर्टचा अर्ज करू नका. ओळखपत्राचाही करू नका. ते पासपोर्टइतकं निर्णायक नसलं, तरी स्वतः अर्ज करून, बोटांचे ठसे देऊन घेतलेलं कार्ड 'सहज घेतलं' म्हणून सांगणं कठीण जातं.

आता नूतनीकरण. भारतीय पासपोर्टच्या अर्जात 'मी भारताचं नागरिकत्व गमावलेलं नाही' असं घोषणापत्र असतं. तुमची भूमिका तीच असेल तर तसं लिहा, पण लिस्बनची नोंद लपवू नका. सोबत पत्र जोडून ती उघड करा. कामाला उशीर लागेल, प्रश्नही विचारले जातील. तरीही हाच मार्ग धरा. कारण नागरिक नसलेल्याने राष्ट्रीयत्वाची माहिती दडवून पासपोर्ट घेतला, तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 प्रमाणे किमान एक वर्ष ते पाच वर्षं तुरुंगवास आणि दंड आहे. निवडणुकीचा अर्जही हे सगळं एखाद्या वकिलाने कागद पाहून तपासल्यावरच भरा. एजंटकडून जन्मनोंदीचा उतारा आणि तुम्ही सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या. कशावर सही केलीत, यावरच बहुतेक सगळं अवलंबून आहे.

पोर्तुगीज नागरिकत्व सोडून मोकळं व्हावं, असं वाटेल. त्यांच्या कायद्यात दुसरं नागरिकत्व असलेल्याला तशी सोय आहे. पण त्या अर्जाचा मसुदा आधी वकिलाला दाखवा, कारण 'मी पोर्तुगीज होतो' ही कबुली त्यातच येते. उद्या केंद्राने तुमच्याविरुद्ध निर्णय दिला तरी सगळे दरवाजे बंद होत नाहीत. पूर्वी भारताचा नागरिक असलेला माणूस अर्जापूर्वी सलग बारा महिने भारतात राहत असेल, तर कलम 5 खाली पुन्हा नोंदणी मागू शकतो. मंजुरी मात्र सरकारच्या हाती.

मुलगी इथे, भारतीय आईबापांच्या पोटी जन्मली आहे, ती भारतीयच. तिच्या नावाने लिस्बनमध्ये काहीही करू नका. अठरा वर्षांची झाली की तिचं ती ठरवेल.

भावाचं ज्या दिवशी पासपोर्ट मिळाला त्याच दिवशी ठरलं. त्याने भारतीय पासपोर्ट परत केला नसेल तर ताबडतोब करावा, आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, मूळच्या भारतीयांसाठीचं) कार्डासाठी अर्ज करावा. ते कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकतही घेता येत नाही. कुळागरात त्याला वारसाहक्काने वाटा मिळू शकतो. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांसाठी राखीव हिस्सा असतो आणि परदेशी झाल्याने तो बुडत नाही. मात्र पुढे तो वाटा विकायचा झाला, तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावा लागेल.

आणि "पासपोर्ट काढ, इंग्लंडला ये" असं तो तुम्हाला म्हणत असेल, तर त्याला विचारा, कोणत्या आधारावर? तो गेला तेव्हा ब्रिटन युरोपीय संघात होता. 2020 च्या अखेरीस मुक्त येण्याजाण्याची सोय संपली. आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडनला कामाला जायचं, तर व्हिसा लागतो.