मला सोडून सगळ्यांना कळलंय

लिबरल आर्ट्सचं नवं वर्ष सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत यायला लागतं. "मॅडम, वर्गात सगळे किती हुशार बोलतात! मी इथे चुकून आलेय." हे म्हणणारी बहुतेक मुलं शाळेत पहिल्या पाचांत असलेली. इतक्यांदा ऐकलं की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

परीक्षेपुरता अभ्यास करून निभावणाऱ्या ठिकाणी न कळणं झाकता येतं. इथे पंधरा-वीस जण गोल बसतात, सगळ्यांनी तीच पानं वाचलेली असतात आणि त्यांवर बोलायचं असतं. आपलं गप्प बसणं सगळ्यांच्या डोळ्यांवर येतंय, असं गप्प बसणाऱ्याला वाटत राहतं.

अशीच एक मुलगी आली, तेव्हा ती सात आठवड्यांत वर्गात एक शब्द बोलली नव्हती.

"बोललीस तर काय होईल?"

"काहीतरी बावळटासारखं बोलून जाईन."

"आणि मग?"

"मग त्यांना कळेल."

"काय कळेल?"

बराच वेळ नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "की मला कळत नाही."

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडायला घेतलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझी घडण झाली. माणूस प्रसंगापेक्षा स्वतःवर लादलेल्या हट्टाने जास्त खचतो, हे त्यातलं मर्म. मराठीत तो हट्ट एका अक्षरात मावतो. 'मला समजलं तर बरं' ही इच्छा झाली. 'मला समजलंच पाहिजे, नाहीतर मी इथे बसायच्या लायकीची नाही' हा हुकूम. तीन बैठका आम्ही त्या 'च'शी झगडलो. तिला पटत होतं, पण वर्गात गेली की ओठ मिटलेलेच.

चौथ्या वेळी म्हटलं, "पुढच्या तासाला जे वाचायचंय त्याची झेरॉक्स घेऊन ये."

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोचा 'मेनो' होता, म्हणजे सॉक्रेटिस आणि मेनो यांच्यातला संवाद. त्यात सॉक्रेटिस भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला विचारतो: दोन फूट बाजूचा चौरस आहे, क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर बाजू किती घ्यावी? मुलगा बेधडक म्हणतो, चार. पण क्षेत्रफळ होतं सोळा, हवं असतं आठ. मग म्हणतो, तीन. ते नऊ होतं. शेवटी कबूल करतो की मला माहीत नाही. तेव्हा सॉक्रेटिस मेनोला दाखवून देतो की मुलाचं यात नुकसान झालेलं नाही. आधी माहीत नसून माहीत आहे असं वाटत होतं, आता निदान शोधायची इच्छा तरी होईल. पुढे ते चौरसाच्या कर्णाशी पोचतात: बाजू कर्णाएवढी घेतली की क्षेत्रफळ आठ होतं.

त्या पानाच्या समासात खोडरबराने घासलेलं दिसलं. कागद खिडकीशी तिरका धरला, तर पेन्सिलीचे वळ वाचता येत होते. 'मुलगा शोधतोय की सॉक्रेटिस त्याच्याकडून वदवून घेतोय? कर्ण तर सॉक्रेटिसनेच काढला.'

"हे का पुसलंस?"

"खुळा प्रश्न आहे, मॅडम. उत्तर सगळ्यांना माहीत असणार."

माझ्या अंगावर काटा आला. या प्रसंगावर अभ्यासक ज्या मुद्द्यावर भांडत आलेत, नेमका तोच तिने एकटीने गाठला होता आणि पुसून टाकला होता. मी तिला तसं सांगितलं. तिने कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः उजेडात धरला आणि पुसलेली दुसरी जागा शोधायला लागली. मग तिसरी. एकूण सात निघाल्या.

त्या क्षणी मला माझी चूक उमगली. मी तिला धीर देत बसले होते. तिची चर्चा तर पहिल्या दिवसापासून चालू होती, फक्त समासात आणि एकटीशी. तिला आत्मविश्वासाआधी सोबत हवी होती.

मग मी तिला मिलर आणि मॅकफार्लंड या मानसशास्त्रज्ञांचा १९८७ चा प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना मुद्दाम दुर्बोध लिहिलेला लेख वाचायला दिला आणि अडलंच तर येऊन विचारा असं सांगितलं. कुणीही विचारायला गेलं नाही. आपण लाजेने गप्प आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं; बाकीचे मात्र कळलंय म्हणून गप्प आहेत, असा समज.

ती हसली. "म्हणजे सगळे पुसतात?"

"तूच बघ. हुशारीचं काही बोलायचं नाही. पान क्रमांक सांगायचा, वाक्य वाचायचं, कुठे अडलं ते सांगायचं. बस."

हाच गृहपाठ मी आता सगळ्यांना देते. दहा मिनिटं मनात जुळवलेलं भाषण देऊ नका. तुमचं जुळून होईपर्यंत चर्चा पुढे गेलेली असते. अडलेली एक ओळ पुरते. आणि शिक्षकांनाही माझी विनंती आहे: प्रश्न विचारल्यावरची शांतता लगेच भरून काढू नका. पेन्सिलीने लिहिणाऱ्यांना तेवढा वेळ लागतो.

तिने प्रश्न विचारला. सरांना तो मान्य नव्हता, दोन मुलींना होता, आणि उरलेला तास कर्णावरच गेला. बाहेर पडताना वर्गात सर्वांत जास्त बोलणारा मुलगा तिच्यामागून आला आणि हळूच म्हणाला, "तीनचे नऊ कसे झाले, ते जरा समजावशील? मी तेवढा भाग सोडून दिला होता."

आता ते दोघं आणि आणखी दोघी तासाच्या आदल्या दिवशी एकत्र वाचतात. प्रत्येकाने न कळलेल्या ओळीपासून सुरुवात करायची, असा त्यांचा नियम आहे. तो त्यांनीच ठरवला. मागच्या वेळी ती आली तेव्हा म्हणाली, "बोलताना घसा अजूनही कोरडा पडतो." मी विचारलं, "मग काय करतेस?"

"बाटली घेऊन बसते."