चिमणीतून ‘गंधक’ बाहेर पडतो का?

निफाड तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: “वातावरणाच्या पाठासाठी टिपण करताना मी ‘हवेतील गंधकाचे उत्सर्जन’ असं लिहिलं. मुलं म्हणाली, गंधक तर आमच्याकडे भुरी रोगासाठी द्राक्षबागेत धुरळतात, पिवळी भुकटी असते ती. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून तशी भुकटी निघते का? मी गंधक लिहू की सल्फर?”

ताई, मुलांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंय. गंधक आणि सल्फर ही एकाच मूलद्रव्याची नावं, त्यामुळे गंधक लिहायला काहीच हरकत नाही. अडचण वेगळी आहे. गंधक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोकळा, पिवळा पदार्थ येतो. आणि हवेत जो जातो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या कशाशी तरी जोडलेला असतो.

आपल्या जुन्या बाजारभाषेला हा फरक चांगला कळत होता. मोरचूद, हिराकस, तुरटी, हिंगूळ, हरताळ या सगळ्यांत गंधक आहे, पण एकाच्याही नावात तो नाही. बागायतदार बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकासाठी मोरचूद आणतो, तेव्हा ‘गंधक आणला’ असं म्हणत नाही. पोथीतला चुकलेला मजकूर झाकायला पिवळा हरताळ लावत, त्यावरून ‘हरताळ फासणे’ आलं. ते वापरतानाही गंधक कुणाच्या मनात येत नाही. रूप बदललं की नाव बदलायचं, ही शिस्त वायूंनाही लावावी असं मला वाटतं. तिथे घरगुती नावं नाहीत, म्हणून सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड हेच शब्द सरळ घ्यावेत.

गंधक हे नाव गंधावरून पडलं खरं, पण शुद्ध भुकटीला जवळजवळ वास नसतो. काडी ओढल्यावर नाकाला झोंबतो तो सल्फर डायऑक्साइड. तुंबलेल्या गटाराला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा.

तुमच्या मुलांना सल्फर डायऑक्साइड दाखवायला चिमणीपर्यंत जायचीही गरज नाही. निर्यातीच्या द्राक्षपेटीत घडांवर पांढरा कागदी पॅड ठेवतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून हा वायू हळूहळू सुटतो आणि बुरशी रोखतो. पेटी उघडल्यावर नाकात झणका बसला, तर तो त्याचाच. एकलहऱ्याला कोळसा जळतो, तेव्हा कोळशात जखडलेल्या गंधकाचा ऑक्सिजनशी संयोग होऊन हाच वायू चिमणीतून निघतो. म्हणजे मुलांना उत्तर असं: भुकटी नाही, वायू, पण त्या वायूत गंधक आहे.

जगभर पाहिलं तर कोळसा आणि खनिज तेल हे या वायूचे माणसाने निर्माण केलेले मोठे स्रोत. तांबं, शिसं, जस्त यांची बरीचशी धातुकं सल्फाइडच, म्हणजे गंधकाशी जोडलेली, असतात, त्यामुळे ती भट्टीत घातली की तोच वायू सुटतो. जहाजांच्या इंधनात गंधक 3.5 टक्क्यांपर्यंत चालत असे. 1 जानेवारी 2020 पासून ती मर्यादा 0.5 टक्के झाली. ज्वालामुखी तर माणसाच्या आधीपासून हे काम करताहेत. समुद्राची गोष्ट मात्र सगळ्यांत सुंदर. पाण्यातले सूक्ष्म शैवाल जो पदार्थ तयार करतात, त्यापासून डायमिथाइल सल्फाइड बनतो. तो हवेत येतो आणि त्याचे पुढे सल्फेटचे, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन जोडलेल्या संयुगाचे, कण होतात. त्या कणांवर ढगांचे थेंब धरतात. किनाऱ्यावर येणाऱ्या ‘समुद्राच्या वासा’त डायमिथाइल सल्फाइडचा मोठा वाटा असतो.

आता शब्दाचा खरा धोका. गंधकाचा अणुभार 32, सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार 64. म्हणजे एक टन गंधक जळला की दोन टन वायू होतो. 1991 साली फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने साधारण दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. ‘इतका गंधक बाहेर पडला’ असं कुणी लिहिलं, तर आकडा थेट दुप्पट फुगतो. अनुवादित लेखांत हा घोटाळा सहज होऊ शकतो. आकडा आला की कशाचं वजन ते लिहायलाच हवं. तुमच्या टिपणात मी ‘कोळसा जळताना हवेत सल्फर डायऑक्साइड मिसळतो’ असं लिहीन.

पण गंधक हवा, माती आणि पिकं यांतून फिरत राहतो, त्या चक्राबद्दल लिहिताना मात्र गंधकच हवा, आणि ‘गंधकचक्र’ असं जोडूनच. नत्र, स्फुरद, पालाश यांच्यासोबत माती परीक्षणाच्या अहवालात गंधकही असतो, मुलांच्या घरी तो शब्द रोजचा आहे. चक्रात रूपं बदलतात, मूलद्रव्य तेच राहतं. चिमणीतला वायू सल्फेट होऊन पावसाबरोबर शेतात उतरतो, कांद्याची मुळं तो शोषतात, आणि लासलगावचा कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढतो तोही गंधकाचंच एक संयुग. पश्चिम युरोपात चिमण्यांचा धूर आवरला, तसं तिकडच्या मोहरीच्या कुळातल्या पिकांना गंधक कमी पडू लागला. शेतकऱ्यांना तो खतातून द्यावा लागला. ही साखळी ‘सल्फर डायऑक्साइड’ म्हणून सांगता येत नाही, कारण पिकाच्या मुळाशी पोचेपर्यंत तो वायू उरलेलाच नसतो.