अर्थशास्त्र मंडळ वर्षभर चालवायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावचं कॉलेज, एस.वाय.बी.ए.ला अर्थशास्त्र स्पेशल, आणि यंदा मंडळाचं सचिवपद तुमच्याकडे आलंय. मंडळ म्हणजे ऑगस्टात उद्घाटन, फेब्रुवारीत बजेटवर एक व्याख्यान आणि मधले महिने कोरे. हाताशी तीन हजार रुपये, येणारी मुलं पंचवीस-तीस. मुंबई-पुण्याच्या कॉलेजांसारखा फेस्ट घ्यावा की दुसरं काही?

फेस्ट घेऊ नका. निदान पहिल्या वर्षी तरी नकोच. त्यात अर्धं वर्ष प्रायोजक शोधण्यात जातं, उरलेलं फ्लेक्सवर कुणाचा फोटो किती मोठा या भांडणात, आणि अर्थशास्त्र राहतं बाजूला. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बरीच वर्षं मंडळाचा प्रभारी शिक्षक होतो. ज्या कामात मुलांच्या स्वतःच्या हातात आकडा येतो, त्या कामाला ती टिकतात. नुसतं ऐकायला बोलावलं की पहिल्या दोन रांगा भरतात, आणि त्याही हजेरी लावणार असाल तरच.

म्हणून वर्षभर चालणारं एकच काम धरा आणि बाकीचं त्याच्या आजूबाजूला बसवा. माझ्या मते ते काम म्हणजे गावाचा स्वतःचा भाव निर्देशांक, म्हणजे ठरावीक वस्तूंचे भाव सुरुवातीच्या मानाने किती चढले-उतरले ते सांगणारा एक आकडा. महागाईचा सरकारी आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो. २०१२ पायाच्या (म्हणजे २०१२ चे भाव १०० धरून मोजणाऱ्या) मालिकेत त्यासाठी १,१८१ खेडी आणि ३१० शहरांतले १,११४ बाजार यांतून भाव गोळा होत. त्या मालिकेत खाण्यापिण्याचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला वाटा, देशाला ४५.८६ टक्के धरलं होतं, नुसत्या ग्रामीण भागाला त्याहून जास्त. हे पुस्तकात वाचून मुलांना काही होत नाही. पण आठवडे बाजारात वही घेऊन उभं राहिलं की पहिल्याच दिवशी प्रश्न पडायला लागतात.

उदाहरण मेथीचं. मेथी जुडीवर मिळते. मागच्या आठवड्यात दहाला जुडी, या आठवड्यातही दहालाच. भाव स्थिर, असं लिहून मुलं मोकळी होतात. मग एखादीला शंका येते आणि ती दोन्ही जुड्या काट्यावर ठेवते, तर या आठवड्याची जुडी निम्मीच भरते. म्हणजे भाव दुपटीला गेला की! पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याचं तेच: किंमत तीच, ग्रॅम कमी. एकदा हे हाताने मोजलं की निर्देशांकात ‘ठरावीक दर्जाची ठरावीक वस्तू’ यावर एवढा भर का असतो, ते सांगायला तास घ्यावा लागत नाही. म्हणून मंडळाच्या पैशातून पहिली खरेदी करायची ती छोट्या काट्याची.

वस्तू वीस-पंचवीसच ठेवा. दुकान ठरलेलं, वार ठरलेला, शक्यतो वेळही ठरलेली. सकाळचा आणि दिवेलागणीचा भाजीचा भाव एक नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. वजनं काढण्यासाठी आधी महिनाभर प्रत्येकाने आपला खर्च लिहायचा. होस्टेलवर राहणाऱ्यांची मेस, गावाहून येणाऱ्यांचा एसटीचा पास, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स. होस्टेलच्या मुलांचा निर्देशांक आणि घरून येणाऱ्यांचा निर्देशांक वेगळा निघतो, आणि तिथून जी चर्चा सुरू होते ती कुठल्याही पाहुण्याच्या भाषणापेक्षा सरस असते. निकाल दर महिन्याला भित्तिपत्रकावर लावा: एक आलेख, खाली चार ओळी, बस्स.

यात नवं काही नाही, हेही मुलांना सांगा. पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० साली सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९३०च्या दशकातच त्यांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी हाती घेतली होती. आपल्याकडे अर्थशास्त्राची एक परंपराच अशी पायी हिंडून माहिती गोळा करण्याची आहे.

आता वर्गातला खेळ. खर्च शून्य, वेळ एक तास, आणि उद्घाटनाला दीपप्रज्वलनाऐवजी हाच घ्या असं माझं स्पष्ट मत. वीस चिठ्ठ्या करा. दहा विक्रेत्यांच्या: प्रत्येकीवर उत्पादनखर्च, १०, २०, ३० असं १०० पर्यंत. दहा ग्राहकांच्या: वस्तूची त्याच्या लेखी किंमत, तीही १० ते १००. विक्रेत्याने खर्चाखाली विकायचं नाही, ग्राहकाने आपल्या किमतीच्या वर घ्यायचं नाही, चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. सगळ्यांनी मोठ्याने भाव पुकारायचा, सौदा पटला की फळ्यावर लिहायचा. पहिल्या फेरीत गोंधळ असतो, कुणी तीसला विकून टाकतो, कुणी ऐंशीला घेऊन बसतो. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मात्र सौदे पन्नास ते साठच्या मध्ये यायला लागतात आणि एका फेरीत साधारण पाच सौदे होतात. कुणालाही दुसऱ्याची चिठ्ठी माहीत नसताना! मग फळ्यावर मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढा. छेद नेमका तिथेच.

पुढची फेरी कराची. विक्रेत्याने प्रत्येक सौद्यामागे वीस रुपये सरकारला द्यायचे. भाव साठ-सत्तरच्या मध्ये सरकतो, सौदे चारवर येतात. म्हणजे कर लावला विक्रेत्यावर, पण त्यातले साधारण दहा ग्राहकाच्या खिशातून गेले. आणखी एक फेरी भावावर तीसची मर्यादा घालून घ्या: विकायला तीनच जण तयार, घ्यायला आठ. ते तीन नग कुणाला मिळाले ते बघा. बहुतेक वेळा जो टेबलाजवळ उभा होता त्याला, किंवा विक्रेत्याच्या मित्राला. रेशनची रांग आणि वशिला यांवर यापुढे वेगळं बोलायची गरज उरत नाही. असले बाजार वर्गात प्रथम अमेरिकन अर्थतज्ज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी भरवले. पुढे व्हर्नन स्मिथ यांनी सौदे उघड पुकारायला लावून त्याचं शास्त्र केलं, आणि २००२ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं.

सहलीबद्दल. बँक बघायला नेऊ नका, तिथे काउंटर सोडून काही दिसत नाही. बाजार समितीत न्या. आम्ही लासलगावला जायचो, कारण जवळ. तुमच्याकडे हळद, सोयाबीन, गूळ, बेदाणा जे असेल ते. कांद्याच्या लिलावात ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीजवळ येतो, कुणी वरचे दोन कांदे उचलून दाबून बघतो, पापुद्रा चोळतो, भाव पुकारला जातो आणि बघता बघता घोळका पुढच्या ट्रॉलीला. सहा महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरायला एवढाच वेळ. मुलं तिथे गप्प होतात. पण लिलावावर थांबू नका, भुईकाटा आणि व्यापाऱ्याच्या खळ्यापर्यंत ट्रॉलीच्या मागे जा. खाली ओतल्यावर ‘तळाचा माल हलका आहे’ म्हणून ठरलेला भाव पाडून मागितला जातो का, हे तिथेच कळतं. हिशेबपट्टीवरच्या वजावटी उतरवून घ्या. शेतकऱ्याला आधी विचारा, आणि नाव लिहू नका.

परत आल्यावर काम असं: राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर मिळतात. दोन वर्षांचा आलेख काढा आणि त्यावर तांबड्या पेन्सिलीने तारखा मारा. ऑगस्ट २०२३, निर्यातीवर ४० टक्के शुल्क. डिसेंबर २०२३, निर्यातबंदी. मे २०२४, बंदी उठली पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत (त्याखाली परदेशी विकायचं नाही) आणि ४० टक्के शुल्क. सप्टेंबर २०२४, ती किंमत रद्द, शुल्क २० टक्के. १ एप्रिल २०२५, शुल्कही गेलं. मुलं लगेच म्हणतात, ‘सर, बंदी आली आणि भाव पडला.’ इथे त्यांना अडवा. डिसेंबरात लाल कांद्याची आवक तशीही वाढते, आणि लाल कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा शेतकरी थांबवून ठेवू शकतो. मग पडझडीतला हंगामाचा वाटा किती आणि धोरणाचा किती? आधीच्या वर्षांचा डिसेंबर काढून बघायला लावा. आमच्याकडे या एका प्रश्नावर दोन बैठका गेल्या, दोन पोरांनी एकमेकांशी बोलणं सोडलं आणि मग एकत्र प्रकल्प केला.

रिझर्व्ह बँकेचा व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीचा प्रयोगही जमतो. सहा मुलं निवडा, तिघं बँकेची, तिघं बाहेरची. खऱ्या समितीसारखंच: महागाईचं लक्ष्य ४ टक्के, खाली-वर २ टक्क्यांची मुभा, मतं समसमान पडली तर गव्हर्नरचं निर्णायक मत. खरी घोषणा व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने मत आणि कारण एका पानावर लिहून पाकीट बंद करायचं. चौदा दिवसांनी समितीचं इतिवृत्त जाहीर होतं, तेव्हा ताडून बघायचं. जून आणि ऑगस्ट २०२४ ची इतिवृत्तं आधी वाचायला द्या. दोन्ही वेळा निर्णय ४ विरुद्ध २ असा होता. आशिमा गोयल आणि जयंत वर्मा यांना व्याजदरात कपात हवी होती. तेच आकडे समोर ठेवून जाणकारही वेगळं मत देतात, हे मुलांना पटवायला याहून चांगला कागद मला सापडलेला नाही.

बजेटचं व्याख्यान मात्र बंद करा, किंवा निदान १ फेब्रुवारीला करू नका. त्या दिवशी टीव्हीवर जे चालू असतं तेच पाहुणे सांगतात. आठवड्याने ‘रुपया येतो कुठून, जातो कुठे’ हा तक्ता घेऊन बसा. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात रुपयातले २४ पैसे कर्जातून येणार होते आणि २० पैसे व्याजात जाणार होते. राज्यांना करवाट्याचे २२. एवढ्या तीन आकड्यांवर तास निघतो. मार्चमध्ये राज्याचं बजेट येतं, त्याच्या तोंडावर ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ येते, आणि ती मराठीत असते. शिवाय प्रत्येक जिल्ह्याचं ‘सामाजिक व आर्थिक समालोचन’ निघतं. आपल्या तालुक्यात सिंचनाखाली किती, बँकेच्या शाखा किती, हे त्यात बसल्या जागी मिळतं, आणि तरी ते कुणी उघडत नाही. त्यावरच प्रश्नमंजूषा घ्या. जगातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था कोणती असले प्रश्न शाळेत झाले.

पाहुण्यांना माझा विरोध नाही. गोखले संस्थेचं काळे स्मृती व्याख्यान १९३७ पासून आहे आणि त्याच मालेत २९ जानेवारी १९३९ ला बाबासाहेबांनी १९३५ च्या कायद्यातल्या संघराज्याच्या योजनेची चिरफाड केली होती. पण तसा वक्ता रोज मिळत नाही, आणि तीन हजारांत तर नाहीच. त्यापेक्षा गावातली माणसं बोलवा: पतसंस्थेचा व्यवस्थापक, जीएसटीचं काम करणारा कर सल्लागार, बचत गटाची अध्यक्षा, अडत्या. अट एकच, येताना एक खरा कागद आणायचा, नावं झाकून. कर्जमंजुरीचं पत्रक, गटाची हप्तावही, काहीही. वीस मिनिटं त्यांनी बोलायचं, चाळीस मिनिटं प्रश्न, आणि प्रश्न आदल्या दिवशी चिठ्ठीवर घेतलेले. आमच्याकडे आलेल्या एका गटाच्या ताईंनी व्याजाचा हिशेब फळ्यावर करून दाखवला, तेव्हा शाल-श्रीफळ द्यायचं सगळेच विसरले. बरंच झालं.

वाद-विवाद घेणार असाल तर जपून. कर्जमाफी किंवा लाडकी बहीण हे विषय निवडले की दहा मिनिटांत पक्ष निघतात. माझा नियम होता: पाठिंबा द्या वा विरोध करा, पण अंदाजपत्रकातला एक आकडा फळ्यावर लिहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. लाडक्या बहिणीसाठी २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटी आणि महिन्याला १,५०० रुपये, तर वर्षभर किती जणींना पुरेल? भागाकार करा, दोन कोटी येतात. आता बोला.

कागदोपत्री बाजू रटाळ आहे, पण सोडू नका. कार्यक्रमाचा अहवाल त्याच संध्याकाळी लिहा, जिओटॅग फोटो लावा, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला तोच लागतो आणि प्राचार्य खूश राहतात. भावनोंदणीचं काम नव्या अभ्यासक्रमातल्या फील्ड प्रोजेक्टमध्ये बसतं का ते विभागप्रमुखांना आत्ताच विचारा. श्रेयांक मिळणार म्हटल्यावर नोव्हेंबरनंतरची गळती बरीच थांबते. एफ.वाय.ची निदान चार मुलं पहिल्या दिवसापासून बाजारात न्या. नाहीतर पुढच्या वर्षी तुम्ही टी.वाय.च्या परीक्षेत, आणि वही कुणाकडे आहे तेच कुणाला माहीत नाही.

तीन हजारांचं म्हणाल तर काटा, वह्या, आलेखाचे कागद आणि बाजार समितीपर्यंतचं एसटीभाडं यात भागतं. तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी भरतो आणि तिथलं मुख्य पीक कोणतं ते कळवा, वस्तूंची यादी आणि नोंदीचा तक्ता कसा आखायचा ते लिहितो.