थांबायचं की नाही, ते जुन्या गाडीला विचार

प्रिय,

तुझा प्रश्न एका ओळीचा आहे. आत्ता मिळतेय ती एसयूव्ही घेऊन टाकायची, की तिचं नवं मॉडेल येतंय म्हणून थांबायचं? पण पत्रात त्या न आलेल्या गाडीवर दीड पान आहे आणि रोज वापरात आहे त्या गाडीवर अर्धी ओळ: "जुनी झालीये, पण चालतेय." मला विचारशील तर सगळा निर्णय त्या अर्ध्या ओळीत अडकलाय. तिकडे शेवटी येतो.

आधी, येतंय ते खरंच नवं आहे का? कंपन्या 'नवी' या एका शब्दाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी खपवतात. एक फेसलिफ्ट, म्हणजे ग्रिल, बंपर, दिवे, आतली स्क्रीन, सीटचं कापड. दारं, छप्पर, पुढची काच बहुधा तीच राहते, कारण पत्रा दाबायचे साचे बदलणं फार महागात जातं. दुसरी खरी नवी पिढी, जिच्यात सांगाड्यापासून बदल होतो. नुसत्या फेसलिफ्टसाठी वर्षभर ताटकळणं मला कधी पटलं नाही.

तू पाठवलेला तो चोरून काढलेला फोटो मी मोठा करून पाहिला. चाचणीच्या गाडीला काळ्या-पांढऱ्या नक्षीचं आवरण असतं ना, ते नुसतं नाकावर आणि शेपटीवर असेल तर फेसलिफ्ट समजायची. कंपनी जे बदललंय तेच झाकते. तुझ्या फोटोत दारांसकट सगळी गाडी गुंडाळलेली आहे, तेव्हा नवी पिढी असण्याची शक्यता जास्त. मात्र त्यावरून डिकी केवढी असेल याचा हिशेब करत बसू नकोस. आवरणाखाली मुद्दाम खोटे उंचवटे लावलेले असतात.

वंशावळ काढून बघणं जास्त भरवशाचं. टोयोटा आरएव्ही४ च्या पिढ्या १९९४, २०००, २००५, २०१२, २०१८ आणि २०२५ मध्ये लोकांसमोर आल्या. होंडा सीआर-व्हीच्या १९९५, २००१, २००६, २०११, २०१६ आणि २०२२ मध्ये. म्हणजे एक पिढी साधारण पाच ते सात वर्षं. तुझ्या आवडीची गाडी तिसऱ्या वर्षात असेल तर अफवांना भीक घालू नकोस. सहाव्या वर्षात असेल तर तुझी शंका रास्त. अपवाद आहेतच. सुझुकी जिम्नीची तिसरी पिढी १९९८ ला आली आणि चौथीला २०१८ उजाडलं. तिची वाट बघत बसलेल्यांची पोरं कॉलेजात गेली असतील.

आता समज, खरंच नवी पिढी येतेय. मग स्वतःला एकच विचार: यात असं काय येणार आहे, जे मला नंतर बसवून घेता येणार नाही? स्क्रीन, कॅमेरा, सीट कव्हर, चांगले टायर पुढे कधीही बदलता येतात. सांगाडा नाही. २०१२ मध्ये गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने नवी चाचणी आणली. त्यात गाडीच्या पुढच्या रुंदीचा जेमतेम चौथा हिस्सा अडथळ्यावर आदळतो, म्हणजे दिव्याचा कोपरा झाडाला धडकावा तसा. पुढच्या वर्षी त्यांनी १३ छोट्या एसयूव्ही तपासल्या, तर दोनच पास झाल्या. त्यातही वरची श्रेणी एकटीला मिळाली, नव्याने घडवलेल्या सुबारू फॉरेस्टरला. अशा फरकासाठी थांबावं. गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅपचे निकषही दर काही वर्षांनी कडक होतात, म्हणून आत्ताच्या गाडीचे पाच तारे कोणत्या साली मिळालेत तेही पाहून घे.

पण नवी म्हणजे तीच गाडी, थोडी सुधारलेली, असं धरून चालू नकोस. फोर्ड एक्सप्लोररने २०११ च्या मॉडेलला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे बॉडीखालची लोखंडी चौकट, सोडून मोटारीसारखा बॉडीसकट एकसंध सांगाडा घेतला. लँड रोव्हर डिफेंडरचं जुनं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं, सप्टेंबर २०१९ मध्ये नवी दाखवली, तीही एकसंध सांगाड्याची. गाडी म्हणून वाईट नाही, पण जुनीच थोडी सुधारून हवी होती त्यांना भलतीच गाडी मिळाली. आरएव्ही४ ची सहावी पिढी अमेरिकेत फक्त हायब्रिड (इंजिनाच्या जोडीला विजेची मोटर) आणि प्लग-इन हायब्रिड (तीच, पण बाहेरून चार्ज होणारी) अशीच विकायचं ठरलं. साधं पेट्रोल इंजिन हवं असणाऱ्याने थांबून काय मिळवलं?

मी स्वतः एकदा फसलोय. दोन वर्षं एका गाडीच्या नव्या पिढीसाठी थांबलो. जुनीचा क्लच त्यातच गेला, तो खर्च वेगळा. शेवटी नवी आली, आईला घेऊन बघायला गेलो. ती मागे बसली, मान उंच करून इकडे तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "यातून बाहेरचं काही दिसतच नाही रे." खरंच होतं ते. दिसायला रुबाबदार व्हावी म्हणून खिडकीची कड वर नेली होती, मागची छोटी काच तर जवळजवळ गायब. दोन वर्षं मी इंजिनाचे आकडे पाठ करत होतो आणि आई नेहमी मागे बसते हे विसरून गेलो होतो. मग त्याच गाडीच्या जुन्या पिढीची, तीन वर्षं वापरलेली घेतली.

थांबणारे आणखी एका ठिकाणी चुकतात. गाडी जाहीर झाली की ती आलीच असं त्यांना वाटतं. फोर्ड ब्रॉन्को जुलै २०२० मध्ये दाखवली, पहिल्या गाड्या लोकांच्या हातात पडल्या जून २०२१ मध्ये. लँड क्रूझर ३०० तर २०२१ ला आली आणि जानेवारी २०२२ मध्ये टोयोटानेच जपानमधल्या ग्राहकांना सांगितलं की नवीन ऑर्डरला चार वर्षंही लागू शकतात. ते टोकाचं उदाहरण झालं, मान्य. तरी 'पुढच्या वर्षी येतेय' ऐकलंस की किल्ली हातात पडायला त्याच्यापुढे सहा महिने ते वर्ष धर.

शिवाय पहिल्या वर्षाची गाडी घ्यायची की नाही, हाही प्रश्न आहेच. वर्कशॉपात इतकी वर्षं काढली त्यावरून सांगतो, पहिल्या तुकडीची गाडी बहुतेक वेळा रस्त्यात बंद पडत नाही, पण छळते. दाराचं रबर शिट्टी मारतं, स्क्रीन मध्येच काळी होते, पार्किंगचा सेन्सर पावसाच्या थेंबाला भिंत समजतो. दुरुस्तीपेक्षा जास्त दिवस सुट्या भागाची वाट बघण्यात जातात. सांगाडा नवा पण इंजिन आणि गिअरबॉक्स आधीचेच, अशी जोडी असेल तर मी पहिल्या वर्षीही घेईन. तिन्ही नवं असेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत हात लावणार नाही. म्हणजे तुझी वाट आणखी एक वर्ष लांबली.

उलट बाजूने, पिढीच्या शेवटच्या वर्षातली गाडी मला आवडते. तिचे सगळे रोग माहीत झालेले असतात, बरेचसे कारखान्यातच निस्तरलेले असतात आणि नवी यायच्या तोंडावर विक्रेता भावात मऊ पडतो. नवीचं तोंड दिसलं की हिची किंमत घसरते हे खरं, पण दहा वर्षं वापरणार असशील तर त्याचं दुःख करू नकोस. तीन वर्षांत विकणार असशील तर कर. फक्त आवारात पडून राहिलेली गाडी गळ्यात मारून घेऊ नकोस. टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. ३५२३ म्हणजे २०२३ चा पस्तिसावा आठवडा. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनीही बघ, चारांचे आकडे जुळतात आणि पाचवा वेगळाच निघतो असं मी पाहिलंय.

आता ती अर्धी ओळ. हा सगळा हिशेब केलास तर थांबणं म्हणजे दीड ते अडीच वर्षं. तेवढं तुझी जुनी गाडी ओढेल का? टायर, ब्रेक पॅड, बॅटरी हा खर्च मी खर्च धरत नाही, तो कुठल्याही गाडीला लागतोच. पण मागच्या खेपेला तू गाडी आणलीस तेव्हा मी सहज बॉनेट उघडलं, तर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली खालच्या रेघेच्याही खाली गेली होती आणि झाकणाभोवती गुलाबी पापुद्रा धरला होता. तुझं उत्तर होतं, "मध्येमध्ये भरावं लागतं." तो कूलंट झाकणातून किंवा एखाद्या होजमधून (रबरी नळीतून) जात असेल तर किरकोळ काम आहे, आणि मग खुशाल थांब, मी स्वतः सांगेन. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधल्या सीलमधून, जात असेल तर तुझ्यापुढे निवड उरलीच नाही. त्या इंजिनात पैसे ओतण्यापेक्षा आत्ताची गाडी घे आणि नव्या पिढीच्या बातम्या वाचणं बंद कर.

आज इंजिन थंड असताना बाटली दोन रेघांच्या मधोमध भर आणि पातळीवर मार्करने खूण कर. आठवडाभर नेहमीसारखी चालव, पण तापमानाचा काटा जरा जरी वर सरकला तरी तिथेच थांबव. शनिवारी रात्री गाडी माझ्याकडे लावून जा. रविवारी सकाळी थंड इंजिनवरच दाब देऊन गळती शोधणारा प्रेशर टेस्टर लावतो. खूण केली नाहीस तर मला काही सांगता येणार नाही, तेव्हा ती विसरू नकोस.

तुझा,
काका