बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला दुकानात चांगली सर्व्हिस कशी द्यायची?

तुमचा प्रश्न असा दिसतोय की कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाजवळ दुकान टाकताय, निम्म्याच्या वर गिऱ्हाईक बाहेरगावचं, ते काय परत येणार नाही, मग सर्व्हिसवर किती जीव टाकायचा. मी १६ वर्षं चप्पलच्या धंद्यात आहे, आधी दुसऱ्याकडं कामाला होतो आता स्वतःचं दुकान, त्यामुळं चप्पलचंच सांगतो, तुमच्या मालाला तुम्ही जुळवून घ्या.

गावातल्या माणसाला चप्पल चावली की दुसऱ्या दिवशी तो दारात, "काय ओ, हे काय दिलासा?" आपण तेल चोळून देतो, दोन ठोके हाणतो, विषय संपला. नागपूरवाला कुठं येणार? म्हणजे गावच्या गिऱ्हाइकाला जे नंतर मिळतं ते बाहेरच्याला पैसे घ्यायच्या आधी तोंडानं सांगायला पाहिजे, माझ्या मते सर्व्हिस म्हणजे एवढंच, एसी बिसी नंतर.

कामाला होतो तेव्हाची गोष्ट, जुलै महिना, गोव्याचं एक जोडपं आलं, बाईंनी कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार) घेतली आणि पायात घालूनच निघाल्या. बाहेर पाऊस. मी सांगणार होतो पण मालकानं डोळे मोठे केले. तासाभरात परत आल्या तर तळ फुगलेला आणि पाय घोट्यापर्यंत तांबडे. मालकानं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या बोर्डकडं बोट दाखवलं. बाई भांडल्या पण नाहीत, चप्पल काउंटरवर ठेवली आणि अनवाणी जाऊन रिक्षात बसल्या.

आता पाऊस असला की मी जोड पिशवीतच देतो, घालून देतच नाही. फिटिंगला लोक बुटासारखा एक नंबर मोठा मागतात, त्यांना सांगतो की कातडं वापरून सैल पडतं, आज अंगठ्यात घट्ट वाटली तरच महिन्यानं बरोबर बसेल. पट्ट्याला आणि अंगठ्याला आतनं खोबरेल लावा, पहिले चार दिवस घरातच तास-तासभर घाला. हे सगळं बिलाच्या मागं मराठी हिंदीत छापलंय, कारण दुकानात ऐकलेलं गाडीत बसेपर्यंत विसरतं.

आणि तो बोर्ड लावूच नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा धरलीय, बिल न देणं पण त्यातच येतं. बोर्ड लावून सुटका नाही.

"ओरिजनल का?" हे दिवसातनं पन्नास वेळा ऐकाल. कोल्हापुरीला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातले ४ आणि कर्नाटकातले ४ जिल्हे मिळून, त्यामुळं कर्नाटकातल्या अथणीचा माल असला तर बिनधास्त अथणीचा म्हणून सांगा, तो काय डुप्लिकेट नव्हे. पण खाली रबर चिकटवलेला असला, वर रेक्झिन असलं तर तेही सांगा की, स्वस्तात पाहिजे असणारा घेतोच.

रिक्षावाल्याला कमिशन देऊन गिऱ्हाईक आणायच्या नादाला लागू नका (सगळे देत नाहीत, देणारे देतात), ते पैसे शेवटी किमतीत चढतात आणि तेच गिऱ्हाईक चार दुकानं पुढं गेलं की त्याला कळतं.

बाकी बारकं बारकं. देवळातनं येणाऱ्यांच्या चपला स्टँडवर असतात, एप्रिलमध्ये डांबरावरनं पाय भाजत येतात, दारात एक बाक आणि पाण्याचा माठ ठेवा, मग ते काही घेवोत न घेवोत. निपाणी बेळगावकडनं लोक भरपूर येतात, "बर्री बर्री" (कन्नडमध्ये 'या या') एवढं म्हटलं तरी चेहरा खुलतो त्यांचा. नवरात्रात यूपीआय फिरत बसतं, तेव्हा गल्ल्यात सुट्टे पैसे ठेवा, आणि पैसे कट झाले पण मेसेज आला नाही म्हणून कुणाच्या बायकापोरांना अर्धा तास उभं करू नका, नंबर घ्या आणि जाऊ द्या. माझे आजवर दोनच बुडालेत, त्यातला एक आपल्याच गावचा होता.